मुकी बंदूक

कार्तिकात कपाशीची बोंडं उकलायला लागली की माझं एक बोट अवघडतं. उजव्या हाताचं, अंगठ्याच्या शेजारचं. वैद्यबुवा म्हणतात वात आहे, तेल चोळा. मी तेल चोळतो. वाताला कार्तिक महिना कसा कळतो हे मी त्यांना विचारत नाही, आणि तेही खोलात शिरत नाहीत. साठी ओलांडलेल्या माणसाच्या दुखण्याकडे सगळेच असं बेतानं पाहतात.

यंदाही तसंच झालं. परवा सकाळी गड्यानं शेतातलं पहिलं उकललेलं बोंड आणून ओसरीवर ठेवलं. आमच्या घरात नुकतीच आलेली नातसून ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहत होती. माहेर तिचं तांदळाच्या मुलखातलं, कपाशी तिला नवी, इथल्या रीतीही नव्या. आत गोदावहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. गोदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन सहा वर्षं झाली, घरात आता त्याच सगळ्यांत मोठ्या. नातसुनेनं त्यांना विचारलं, सीतादहीचं गाडगं या वर्षी तुम्हीच नेणार ना, मोठ्या आजी? वहिनींनी मानसुद्धा वर केली नाही. "माह्या हाताले ते साजत नाई, बाई," त्या म्हणाल्या. डब्यातलं मीठ संपलंय हे सांगावं इतक्या सहज म्हणाल्या, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.

मी उठून मागच्या अंगणात गेलो. तिथे काही काम नव्हतं.

आमच्याकडे कपाशीच्या पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही करतात. घरातल्या बायका आणि वेचणाऱ्या बाया मिळून शेतात जातात. पाच झाडांना हळदकुंकू लावायचं, त्यांची बोंडं कापसाच्या धाग्यानं एकमेकांना बांधायची, आणि नव्या गाडग्यातून नेलेला दहीभात चारी दिशांना शिंपडायचा. दह्यासारखं शेत पांढरं होऊ दे, एवढंच मागणं. आमच्या घरची रीत अशी, की ते गाडगं घरातल्या धाकट्या सुनेनं डोक्यावरून न्यायचं. वाटेत खाली ठेवायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. ठेवायचं ते थेट शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एरंडाच्या पानावर. वेचा संपेपर्यंत त्या सुनेचा मान मोठा असतो. वर्षभर भाकरी थापताना चुकलेली सूनसुद्धा त्या दिवशी लक्ष्मी असते.

ज्या वर्षाबद्दल मी बोलतोय, त्या वर्षी कपाशीचा मानच मुळात वेगळा होता. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊ भावावर बंदुका घेऊन उठले होते. तिथला कापूस अडकला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. हे असं नीट आम्हाला फार पुढे कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच, की अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांमागे गाड्या लागल्या आहेत आणि धुळीत गाडीवानाला स्वतःच्या बैलाची शेपटी दिसत नाही. गाड्या एवढ्या शिगोशीग भरलेल्या असायच्या की दोन्ही बाजूंच्या बाभळी त्यांचा कापूस ओढून घ्यायच्या. बाजारापर्यंतचा रस्ता काट्यांवर पांढरा झालेला असायचा. बाजारात सरकीचा तेलकट वास, बैलांच्या मुताचा वास, घामाचा वास, आणि दिवसभर सरकी काढणाऱ्या चरक्यांची करकर. घरी आल्यावरही ती कानात राहायची. जेवताना घासात कापसाचा तंतू आला नाही असा दिवस जात नव्हता.

लोक अचानक हौशी झाले. आमच्या शेजारच्या पाटलांनी बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं घातली आणि मग बैल चोरीला जातील म्हणून स्वतः गोठ्यात निजू लागले. एकानं भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते वाचता कोणालाच येत नव्हतं, पण टोले पडले की सगळं घर हात जोडायचं. आमच्या बाबांनी दादाचं लग्न थाटात केलं, आणि धाकट्याच्या मनात काही राहू नये म्हणून मला विचारलं, तुला काय पाहिजे. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, बंदूक.

ती बंदूक आम्ही अकोल्याला घेतली. बाबा बैलजोडी पाहायला गेले होते, मी सोबत होतो. अकोल्यात तेव्हा आगगाडीच्या रस्त्याचं काम चाललं होतं. मुरुमाचे ढीग, उन्हात तापलेले रूळ, आणि गाडी येण्याआधीच गाडीच्या गोष्टी सांगणारी माणसं. मोर्णा नदीच्या अलीकडे एका पारशी गृहस्थाचं विलायती मालाचं दुकान होतं. दारूची बंदूक बाळगायला सरकारचा कागद लागायचा आणि बाबांना कचेरीची पायरी नको होती. त्यावर त्या गृहस्थानं आतून एक लांबट पेटी आणली. हिच्यात दारू नाही, ही हवेवर चालते, तो म्हणाला. तिच्या पितळी दस्त्यात पंपानं हवा कोंडायची, शंभरेक दट्टे मारायचे, नळीत शिशाची गोळी घालायची आणि चाप ओढायचा. त्यानं फळीवर सुपारी ठेवली आणि दुकानाच्या दारातून उडवून दाखवली. आवाज झाला तो एवढाच, फुस्स. झोपेत कोणी उसासा टाकावा तेवढा. बाबा मोठ्यानं हसले. इतकं हसताना मी त्यांना क्वचित पाहिलं होतं.

परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी गाडी थांबवून मला बजावलं. जित्या जिवावर ही धरायची नाही. आणि कोणाही माणसाची एक तक्रार आली, एकच, तर त्या दिवशी ही बंदूक आपल्या विहिरीच्या तळाशी जाईल. बाबा बोलले तसं करणारे होते. मी मान डोलावली. मांडीवर पेटी होती आणि मी तिच्या पितळी कडीवरून बोट फिरवत होतो.

गावात आल्यावर पाटलांनी तिची तपासणी केली. नळीत डोळा घालून पाहिलं, दस्ता हुंगला, उडवायला लावली. मग चावडीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला. दारू नाही, धूर नाही, आवाज नाही, तर ही बंदूक मुकी आहे. तेव्हापासून ती मुकी झाली. आजही घरातली पोरं तिला मुकीच म्हणतात.

आता आवडीबद्दल लिहायला हवं, कारण ती लपवली तर बाकीचं सगळं खोटं होईल. मला त्या बंदुकीचं वेड लागलं आणि ते आजवर सुटलेलं नाही. पुढे मी दोन नव्या धर्तीच्या बंदुकाही घेतल्या, आत कमान असलेल्या. त्या एका खटक्यात भरतात. पण मुकीची सर त्यांना नाही. पळीत शिसं वितळवून साच्यात ओतायचं, थंड झालेल्या गोळ्या हातात खेळवायच्या, पंपाच्या चामडी वादीला तिळाचं तेल लावायचं. दट्टे मारून दंड भरून यायचे. मग गाल दस्त्याला टेकवायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात जगातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी हिशेबी शेतकरी झालो नाही, चांगला गाणारा झालो नाही, बोलण्यात तर मी पहिल्यापासून कच्चा. ते थांबणं मात्र मला जमलं. तुरीची शेंग देठावरून उडवायचो, झाडावरचा आवळा खाली पाडायचो, वीस पावलांवरची पणती तिला धक्का न लावता विझवायचो. जिवावर मात्र कधी धरली नाही. हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यानं सांगत आलो आहे. ते खरं आहे, आणि एवढं लबाड वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

गोदावहिनी त्याच वर्षी मोर्शीकडून आमच्या घरात आल्या. वय असेल सोळा. बोलायला धीट, हसायला त्याहून धीट. आल्या आल्या त्यांनी माझी आणि बंदुकीची थट्टा सुरू केली. दीर-भावजयीत थट्टा चालायचीच, त्यात वावगं काही नव्हतं. एकदा अंगणात सगळ्यांसमोर माझी शेंग हुकली. वहिनी दारातून म्हणाल्या, "मुकी हाय ते समजलं भाऊजी, पन आंधळी बी हाय का?" सगळं घर हसलं, बाबासुद्धा. मीही हसलो. पण मला ते लागलं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला काय लागेल याचा नेम नसतो.

त्यावर मी ठरवलं, की वहिनींना एकदा दाखवायचं. आणि दाखवायचं तर सीतादहीच्या दिवशीच.

त्या सकाळचं ऊन मला अजून अंगावर आठवतं. कार्तिकातलं, कोवळं, सावलीत गेलं की थंडी वाजेल असं. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचं पीक छातीएवढं होतं, पिवळ्या फुलांनी भरलेलं, आणि मधमाश्यांचा आवाज सारखा चालू होता. मी आधीच जाऊन तुरीत पडून राहिलो होतो. बायकांचं गाणं लांबून ऐकू आलं. पुढे माय, तिच्यामागे आमची आत्या, आणि मध्ये वहिनी. आत्या म्हणजे बाबांची विधवा बहीण. घरातल्या रीतीभाती तिच्या ताब्यात होत्या. वहिनींचं लुगडं हिरवं होतं. डोक्यावरच्या गाडग्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती, आणि त्या अशा चालत होत्या की एकही फूल हलत नव्हतं.

माझा बेत साधा होता. गाडगं धुऱ्यावर ठेवलं की माळेतलं मधलं फूल उडवायचं. फूल आपोआप उडालेलं पाहून बायका दचकतील, वहिनी ओळखतील, मी तुरीतून उभा राहीन. चाळीस पावलांचं अंतर होतं. मी त्याहून लांबचं मारलेलं होतं. वहिनींनी गाडगं पानावर ठेवलं, दोन्ही हात बाजूला घेतले. मी श्वास सोडला. चाप ओढण्याच्या क्षणी मला त्यांचं आधीच दचकलेलं तोंड दिसलं आणि हसू आलं. तेवढंच. हसण्यानं खांदा हलला.

फूल जागेवरच राहिलं. गाडग्याच्या पोटातून टच्च असा आवाज आला, ते उभं चिरलं आणि दोन फाकांत पडलं. दही काळ्या मातीवर पसरलं आणि भेगांतून आत जाऊ लागलं. बायकांच्या गाण्यात, माश्यांच्या आवाजात मुकीचा उसासा कोणालाही ऐकू गेला नव्हता. गाणं थांबलं. वेचणाऱ्या बाया एकेक पाऊल मागे सरकल्या.

आत्या पुढे झाली. तिनं गाडगं पाहिलं, धुरा पाहिला, मग वहिनींकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "दगड नाई, ढेकूळ नाई, हात नाई लागला. मंग फुटलं कसं वं?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "जिच्या डोक्यावून उतरलं, तिलेच पुसा."

मी तुरीतून उठलो. जसं झालं तसं लिहितो. मी उठलो तो बंदूक तुरीतच ठेवून उठलो. रिकाम्या हातानं ओळी तुडवत त्यांच्यापर्यंत गेलो आणि विचारलं, काय झालं? मी विचारलं. वहिनी माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या स्वतःचे दोन्ही तळवे पाहत होत्या, उताणे आणि पालथे, त्यांत काय आहे ते शोधावं तसे. मग त्या खाली बसल्या आणि एकट्यानंच एकेक खापर पदरात गोळा करू लागल्या. कोणी हात लावला नाही. मायनंही नाही. मीही नाही.

दुपारी सगळे गेल्यावर मी परत गेलो आणि धुऱ्याच्या मातीतून माझी गोळी उकरून काढली. चपटी झाली होती. ती नाल्यात फेकून दिली. बंदूक तेल लावून पेटीत ठेवली. त्या दिवसात मी केलेलं ते सगळ्यांत नीटनेटकं काम.

बोलायचं मनात नव्हतं असं नाही. रोज होतं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू, आत्या शांत झाली की. आठवड्यानं वाटलं, आता सांगितलं तर आठवडाभर का गप्प होतास म्हणतील. उशीर हा असा, की पहिल्या दिवसाचा लहान असतो आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्याला मोठा करतो. पण हेही मी आता जरा सजवून सांगतोय. खरं कारण वेगळं होतं, त्याच्याकडे येतोच.

कपाशीची उलंगवाडी झाली, शेवटचा वेचा संपला. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून चुलीशी आल्या. आणि त्याच उन्हाळ्यात सातासमुद्रापलीकडची ती लढाई मिटली. आमचा भाव पडला, असा पडला की अमरावतीच्या बाजारात भरल्या गाड्या उभ्या राहू लागल्या. शेजारच्या पाटलांच्या बैलांची घुंगरं गेली. गावोगाव हेच झालं, मोर्शीला झालं, अकोल्याला झालं. आत्यानं मात्र ओसरीवर बसून एका वाक्यात सगळ्याचा उलगडा केला, की दही मातीत सांडलं त्याच वर्षी पांढरं सोनं मातीमोल झालं. दोन परके भाऊ आपसात लढायचे थांबले, त्याचा दोष मोर्शीच्या एका सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आला. आज हे ऐकून कोणी हसेल. तेव्हा आमच्या ओसरीवर कोणी हसलं नाही, सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथेच खांबाला टेकून बसलो होतो.

त्यानंतर वहिनींनी दह्याला हात लावला नाही. म्हणजे त्यांना लावू दिला नाही. विरजण माय लावायची, मायनंतर आत्या, आत्यानंतर माझी बायको. गाडगं धाकट्या सुनेचं, आणि माझं लग्न होऊन माझी बायको धाकटी झाली, म्हणून कोणाला काही बोलावंही लागलं नाही. दरवर्षी सीतादहीला वहिनी शेतापर्यंत यायच्या आणि धुऱ्याच्या अलीकडे उभ्या राहायच्या. गावातल्या बाया त्यांना पाठीमागे गाडगंफोडी म्हणायच्या. त्यांच्या मुलीला पाहायला येणारी माणसंही ते नाव ऐकून यायची. दादा त्यांच्यावर कधी ओरडला नाही. पण चांगल्या कामाला निघताना तो दारात क्षणभर थांबायचा, आणि वहिनी आपणहून आत जायच्या. त्यांचं हसणं कधी गेलं, ते मला सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच वर्षांत ऐकलं नाही.

आणि कौंडण्यपूर. सांडलेल्या दह्याबद्दल आत्यानं त्यांच्याकडून नवस बोलवून घेतला होता, की दरवर्षी कार्तिकाच्या यात्रेला अनवाणी जाऊन देवीपुढे दही ठेवायचं. गावातून दही विकत घेतलेलं, कारण त्यांच्या हातचं चालणार नाही. दादाला शेतातून सवड नसायची, मग सोबतीला मी. बैलगाडीत मी बसलेला, वहिनी गाडीमागून चालत. पहिल्या वर्षी मी म्हणालो, बसा थोडं, कोण पाहतंय. त्या म्हणाल्या, नवस हाय. वर्धेच्या काठावर यात्रेत दोर बांधून लोक रांगेत उभे असायचे आणि त्या रांगेत वहिनी, हातात द्रोण. मी काय करायचो? मी मुकी सोबत नेलेली असायची. नदीच्या वाळूत पणत्या मांडायचो आणि वाती विझवून दाखवायचो. माणसं गोळा व्हायची, वाहवा करायची. एकदा वाहवा ऐकून मान वर केली तर दर्शन करून आलेल्या वहिनी गर्दीच्या मागे उभ्या होत्या. पायांना धुळीचे मोजे चढले होते. त्याही कौतुकानं पाहत होत्या. "आता नाई चुकत तुमचा नेम," त्या म्हणाल्या.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे सांगायचा मोह होतो. पण गेलं. यात्रेतली जिलबी होती, चांगली होती.

एकदा मी बोललो होतो. बाबांच्या मागे माय शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, तुरीपासून गोळीपर्यंत. मायनं डोळे मिटूनच ऐकलं. मग माझा हात हातात घेतला. "बापू, तू लय मायाळू हायेस रे," ती म्हणाली. "दुसऱ्याचं असं आपल्या डोक्यावर नोको घेऊ." मी म्हणालो, माय, खरंच मीच. ती म्हणाली की मुकी असली तरी चाप ओढला की फुस्स होतंच, ते आम्हाला ऐकू आलं नसतं का. तिनं ते दाराशी बसलेल्या आत्याला सांगितलं, आत्यानं गावाला. महिनाभर लोक मला सांगत होते, दीर असावा तर असा. वहिनींच्याही कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात त्यांनी न मागता गूळ वाढला. मी तो खाल्ला. त्यानंतर मी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही, कारण आता गप्प बसण्याबद्दल माझी स्तुती होत होती.

परवा मागच्या अंगणात उभा असताना हे सगळं एकदम अंगावर आलं. मला माझीच किळस आली. बत्तीस दात होते तेव्हा बोललो नाही, आता चार राहिलेत. सीतादही उद्यावर आली आहे. उद्या नातसून गाडगं नेईल आणि वहिनी पुन्हा धुऱ्याच्या अलीकडे उभ्या राहतील, आणि अशा किती सीतादह्या आमच्या दोघांच्या वाट्याला उरल्या आहेत?

काल दिवसभर मी मुकी दुरुस्त केली. वादी वाळून चिरली होती, चांभाराकडून नवी कापून आणली. कुंभाराकडून गाडगं आणलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. आज सकाळी वहिनींना म्हणालो, शेतात येता का जरा. त्यांना वाटलं, बोंडं किती उकललीत ते पाहायचं असेल. त्या काठी टेकत आल्या. गाडगं मी त्याच धुऱ्यावर ठेवलं, एरंडाच्या पानावर. वहिनी नेहमीसारख्या अलीकडे थांबल्या. मी चाळीस पावलं मोजून तुरीत गेलो. दट्टे शंभर मारायचे होते, साठावर छाती भरली. गाल दस्त्याला टेकवला. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसून पुन्हा टेकवला.

फुस्स.

गाडगं टच्चकन चिरलं आणि दोन फाकांत पडलं. मी तुरीतून उठलो, या वेळी बंदूक हातात घेऊन. ओळींमधून चालत गेलो. वहिनी धुरा ओलांडून गाडग्यापाशी आल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या वाकून खापरं पाहत होत्या, मग तुरीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"असंच फुटलं होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, हो.

"मायले सांगलं ते खरं होतं?"

हो, मी म्हणालो.

त्यांनी काठीच्या टोकानं एक खापर उलटून पाहिलं. मला वाटलं त्या रडतील, शिव्या देतील, काठी उगारतील. मी त्या सगळ्याची तयारी करून आलो होतो. त्यांनी फक्त विचारलं, "मंग तवा काहून नाई बोलले, भाऊजी?"

या एका प्रश्नाची उत्तरं मी चाळीस वर्षं तयार करत आलो आहे. लाज, भीती, आत्याचा दरारा, वय लहान. सगळी तोंडाशी आली आणि त्यांतलं एकही बाहेर पडलं नाही. खरं होतं तेच आलं.

"बाबांनी बंदूक विहिरीत टाकली असती," मी म्हणालो.

वहिनींनी मुकीकडे पाहिलं. नळीपासून पितळी दस्त्यापर्यंत, सावकाश, प्रथमच पाहावं तसं. दस्त्याचं पितळ मी कालच घासून लख्ख केलं होतं.

"मले वाटलं," त्या म्हणाल्या, "काई मोठं असन."

मग त्या काठी बाजूला ठेवून खाली बसल्या. उद्या वेचणाऱ्या बायांच्या अनवाणी पायांना लागतील म्हणून खापरं वेचू लागल्या, एकेक करून पदरात. मी बंदूक टाकली, गुडघे टेकले आणि एक खापर उचलायला हात पुढे केला. त्यांनी तो मनगटाशी धरला आणि हळूच बाजूला सारला.

"राहू द्या, भाऊजी. तवाबी म्याच उचलले होते."